सही एकाची, जनुके साऱ्या कुळाची

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लाळेच्या नमुन्यावरून आपले पूर्वज कोण आणि कोणत्या आजाराचा धोका किती, हे घरबसल्या सांगणाऱ्या जनुकीय चाचण्यांविषयी आपल्या पुरवणीतील लेख वाचला. चाचण्यांच्या अचूकतेची चर्चा त्यात तपशिलाने झाली आहे. गोपनीयतेचा विषय मात्र ‘ग्राहकाने संमतीपत्र नीट वाचूनच सही करावी’ एवढ्या एका वाक्यात आवरता घेतला आहे. माझा आक्षेप त्या वाक्याला आहे. संमतीपत्र कितीही बारकाईने वाचले, तरी ज्या माहितीबद्दल ती सही होते ती सही करणाऱ्या एकट्याची नसते.

माझ्या एका मावसभावाने काही वर्षांपूर्वी अशी चाचणी करून घेतली आणि आलेला अहवाल कौतुकाने आम्हा सगळ्यांना दाखवला. मी स्वतः कोणत्याही नळीत लाळ दिलेली नाही, कोणत्याही अटींखाली ‘मान्य’ म्हटलेले नाही. तरीही सरासरीने साडेबारा टक्के डीएनए त्याचा आणि माझा एकच असल्यामुळे माझ्याविषयीचे काही ना काही त्या कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचलेच आहे. (चुलत, आते, मामे आणि मावस ही नाती मराठीने कटाक्षाने वेगळी ठेवली असली, तरी जनुकांच्या हिशेबात चौघांचाही सरासरी वाटा सारखाच भरतो.) सख्ख्या भावंडांत हे साम्य निम्म्याच्या आसपास असते, आणि आई किंवा वडिलांनी चाचणी केली असेल, तर मुलाचा अर्धा जनुकसंच त्याला न विचारताच नोंदला जातो. नाते लांबचे असले म्हणून सुटका होते असेही नाही. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात सुमारे १३ लाख लोकांचा जनुकीय साठा तपासला गेला, तेव्हा युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपैकी जवळजवळ ६० टक्क्यांना त्यात खापरपणजोबा समान असलेला किंवा त्याहून जवळचा नातेवाईक सापडू शकतो, असे दिसले. त्या ६० टक्क्यांनी स्वतः चाचणी केलेली असणे मुळीच आवश्यक नव्हते.

हे लक्षात घेतले, म्हणजे ‘ट्वेंटीथ्री-अँड-मी’ या अशाच चाचण्या करणाऱ्या अमेरिकी कंपनीत २०२३ साली झालेल्या माहितीचोरीचे खरे स्वरूप कळते. चोरट्यांनी कंपनीची यंत्रणा फोडली नव्हती. इतर संकेतस्थळांवरून पूर्वी चोरीला गेलेले ईमेल आणि पासवर्ड त्यांनी तिथे वापरून पाहिले आणि सुमारे १४ हजार खाती उघडली. दीड कोटीच्या आसपास ग्राहक असलेल्या कंपनीच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु त्या खात्यांतून ‘तुमचे नातेवाईक’ दाखवणाऱ्या सुविधेत शिरून चोरटे सुमारे ६९ लाख ग्राहकांच्या माहितीपर्यंत पोहोचले. ज्यांचा पासवर्ड भक्कम होता, ज्यांनी काहीही निष्काळजीपणा केला नव्हता, तेही केवळ कोणाचे तरी दूरचे भाऊबंद असल्यामुळे त्यात ओढले गेले. पुढे अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील) ज्यू आणि चिनी वंशाच्या ग्राहकांच्या वेगळ्या याद्या काढून त्या विक्रीला ठेवण्यात आल्या. अशा याद्यांचा उपयोग कोणाला आणि कशासाठी होऊ शकतो, हे इतिहास ठाऊक असलेल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

यावर कंपनीच्या वकिलांनी घेतलेली भूमिका मला चोरीपेक्षाही अधिक खटकली. ग्राहकांनी जुनेच पासवर्ड पुन्हा वापरले, सबब दोष त्यांचा, असे त्यांचे म्हणणे होते. १४ हजारांबाबत ते घटकाभर मान्य करू, पण उरलेल्या लाखोंचे काय? पासवर्डपाठोपाठ मोबाइलवरचा संकेतांक मागणारी दुहेरी पडताळणी तेव्हा तिथे ऐच्छिक होती आणि ती सक्तीची झाली चोरी उघडकीला आल्यानंतर, नोव्हेंबर २०२३ मध्ये. बँका शे-दोनशेच्या व्यवहारालाही जी खबरदारी घेतात, ती जन्मभर न बदलणाऱ्या माहितीसाठी घेतली गेली नाही, याला निष्काळजीपणाखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने जून २०२५ मध्ये कंपनीला २३ लाख १० हजार पौंडांचा दंड केला, तेव्हा सक्तीच्या दुहेरी पडताळणीचा अभाव हा त्यातील प्रमुख ठपक्यांपैकी एक होता. चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो, एटीएम कार्ड रद्द करून नवे मागवता येते. जनुकसंचाच्या बाबतीत असे काही करण्याची सोय नाही.

पोलिसांच्या वापराचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्यावर माझे मत पूर्णपणे एका बाजूचे नाही. कॅलिफोर्नियात १९७० आणि १९८० च्या दशकांत खून आणि बलात्कार करणाऱ्या गुन्हेगाराला एप्रिल २०१८ मध्ये पकडता आले, ते ‘जेडमॅच’ या वंशावळी शोधण्यासाठीच्या जनुकीय साठ्यात त्याच्या दूरच्या नातेवाइकांचा माग लागल्यामुळे. तो पकडला गेला याचे दुःख कोणाला असणार? पण त्या नातेवाइकांनी आपली माहिती ठेवली होती ती हरवलेले आप्त शोधण्यासाठी. मे २०१९ मध्ये ‘जेडमॅच’ने नियम बदलले आणि ज्यांनी स्वतःहून होकार दिला आहे, त्यांचीच माहिती पोलिसांना पाहता येईल, असे ठरवले. तरीही जुलै २०२० मध्ये तिथे सायबर हल्ला झाला, सगळ्यांच्या निवडी पुसल्या गेल्या आणि ज्यांनी नकार नोंदवला होता त्यांचीही माहिती सुमारे तीन तास पोलिसांच्या शोधासाठी खुली राहिली. नकार पाळण्याची कंपनीची इच्छा प्रामाणिक असून भागत नाही, तो पाळण्याची ताकद तिच्या यंत्रणेत असावी लागते.

कंपनीच उरली नाही तर काय, हा प्रश्न पूर्वी कोणी विचारत नव्हते. मार्च २०२५ मध्ये ‘ट्वेंटीथ्री-अँड-मी’ने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ग्राहकांची जनुकीय माहिती ही तिची सर्वांत मौल्यवान मालमत्ता असल्याचे सर्वांसमोर आले. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी त्याच सुमारास नागरिकांना आपली माहिती मिटवण्याच्या हक्काची आठवण करून दिली; पुढे अनेक राज्यांनी, ग्राहकांच्या स्पष्ट संमतीविना ही विक्री होऊ नये, म्हणून न्यायालयात धाव घेतली. आधी एका औषध कंपनीने २५ कोटी ६० लाख डॉलरची बोली लावली आणि अखेर कंपनीच्याच संस्थापिकेच्या ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलरला व्यवहार पूर्ण केला. शेवट तुलनेने बरा झाला, परंतु तो नियमामुळे झाला नाही, बोली कोणाची वरचढ ठरली यामुळे झाला. उद्या ही बोली एखाद्या विमा कंपनीने जिंकली तर? अमेरिकेत २००८ सालच्या कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे, पण आयुर्विमा त्या कायद्याच्या बाहेर आहे.

म्हणून आपल्या लेखकांनी ग्राहकाला सावधगिरीचा सल्ला देण्याऐवजी कंपन्यांकडे बोट दाखवायला हवे होते. नातेवाईक शोधण्याची सुविधा मुळात बंद असावी आणि ज्याला हवी त्याने ती सुरू करावी. चाचणीसाठीची संमती आणि संशोधनासाठीची संमती वेगवेगळी घेतली जावी, आणि संशोधनातून औषध कंपनीला नफा होणार असेल, तर ते संमतीपत्रात ठळक छापले जावे. कंपनीची मालकी बदलली, तर जुनी संमती आपोआप संपावी. नव्या मालकाने प्रत्येकाला पुन्हा विचारावे आणि उत्तर न आल्यास ते नकार म्हणून धरावे. यामुळे कंपनीची किंमत घटेल हे उघड आहे. ती घटावी, असेच माझे मत आहे.

आपला लेख वाचल्यावर मी मावसभावाला त्याचे खाते मिटवायला सांगितले आणि त्यानेही कुरकूर न करता ते केले. साठवलेला लाळेचा नमुना नष्ट करण्यासाठी वेगळी खूण करावी लागली. शिवाय प्रयोगशाळांच्या नियमांनुसार काही माहिती यापुढेही जपून ठेवली जाईल, असे उत्तर आले. त्या अर्जात खाते बंद करण्याची कारणे निवडण्यासाठी सहा-सात पर्याय होते. नातेवाइकांच्या हरकतीसाठी मात्र रकाना नव्हता.

कळावे.
आपला,
एक नियमित वाचक