दत्तकाची चौकशी कसून व्हावी, पण मुलांची माहिती शिळी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरदेशीय, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या, दत्तकाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर हमखास ऐकू येतात. परदेशात राहणाऱ्यांना पैशाच्या जोरावर मुले चटकन मिळतात, हा एक. आणि सरकारी कागदपत्रांच्या जंजाळामुळे मुले संस्थांत अडकून पडतात, तेव्हा हे सारे नियम मोडीत काढावेत, हा दुसरा. आम्ही पती-पत्नी मूळचे महाराष्ट्रातले, आता अमेरिकेचे नागरिक आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारक आहोत. न्यू जर्सीतल्या एडिसन येथे आमच्या दहा वर्षांच्या मुलीसह राहतो आणि महाराष्ट्रातील एका संस्थेत असलेल्या भावा-बहिणीच्या येण्याची वाट पाहत आहोत. वर सांगितलेले दोन्ही सूर आमच्या अनुभवाशी जुळत नाहीत, म्हणून हे पत्र.

पहिल्या सुराचे उत्तर कायद्यातच आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार, मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झाल्यानंतर साठ दिवसांत भारतातील किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तरच ते परदेशी दत्तकासाठी खुले होते. पाच वर्षांवरील मुले, भावंडे आणि अपंग मुले यांना परदेशी दत्तकात प्राधान्य देता येते, कारण देशात त्यांना सहसा कोणी मागत नाही. पालकांच्या वयाचाही हिशेब असतो. दांपत्याच्या वयांची बेरीज नव्वदच्या पुढे गेली की चार वर्षांखालील मूल मिळत नाही. आम्ही त्याच गटात बसतो, आणि तक्रार मुळीच नाही. 'तान्हे बाळ मिळाले असते तर' असे हळहळणाऱ्या नातेवाइकांना एवढेच सांगते, की आम्ही ज्यांची वाट पाहतो आहोत ती दोन मुले पर्याय म्हणून निवडलेली नाहीत.

आता चौकशीविषयी. अमेरिकेत 'होम स्टडी' म्हणतात त्यात सोशल वर्कर घरी येऊन काय काय पाहते, हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगून खरे वाटणार नाही. धूर ओळखणारी यंत्रे चालू आहेत का, औषधे कुलपात आहेत का, घरात बंदूक आहे का, हे तिने पाहिले. आम्हा दोघांना वेगवेगळे बसवून लहानपणी घरी मार बसत असे का, भांडण झाले की कोण आधी बोलते, पहिल्या मुलीला शिस्त कशी लावता, असेही विचारले. अठराव्या वर्षापासून ज्या ज्या राज्यात राहिलो, त्या प्रत्येक राज्याच्या बालछळाच्या नोंदींत आपले नाव नाही, याचा दाखला आणावा लागला. पगाराच्या पावत्या, आयकराची विवरणपत्रे, डॉक्टरांचे दाखले, शेजाऱ्यांची पत्रे, हे सारे नोटरीपासून अपोस्टिलपर्यंतच्या (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीच्या सरकारी शिक्क्यापर्यंतच्या) टेबलांवरून फिरून आले.

त्यातच सासू-सासरे सहा महिन्यांसाठी राहायला आले आणि घरात प्रौढ माणसे किती, हा प्रश्न नव्याने निघाला, आणि त्यांचेही बोटांचे ठसे द्यायची वेळ आली. सासऱ्यांनी आयुष्यभर एसटीच्या कार्यशाळेत पाने-हातोडा चालवला. त्यांच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत, की ठशांचे यंत्र त्यांना ओळखायला तयार होईना. मशिनसमोर बसलेल्या मुलीला ते मराठीत समजावत होते, की चाळीस वर्षे काम केल्याचा हा पुरावाच आहे, तो लिहून घ्या. तिने हसून पुन्हा एकदा अंगठा पुसायला सांगितले.

हे सगळे अपमानास्पद वाटत नाही का, असे आम्हाला इथले मित्र विचारतात. वाटत नाही. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी परदेशी दत्तकाच्या नावाखाली होणाऱ्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि १९८४ मध्ये न्या. भगवती यांच्या निकालाने या व्यवहाराला पहिल्यांदा चौकट मिळाली. त्याआधी मूल कोणाकडे जाते आणि पुढे त्याचे काय होते, हे विचारणारी भक्कम यंत्रणाच नव्हती. आंतरदेशीय दत्तकाविषयीचा १९९३ चा हेग करार आणि भारताने २००३ मध्ये त्याला दिलेली मान्यता, ही त्याच वाटेवरची पुढची पावले. इतके असूनही २०१७ मध्ये टेक्सासमधील रिचर्डसन येथे, बिहारमधून दत्तक आणलेल्या तीन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला, त्या प्रकरणी दत्तक पित्याला जन्मठेप झाली, आणि ते घर आमच्यासारखेच, भारतीय वंशाचेच होते. आपल्या माणसांकडे मूल सुरक्षितच असणार, हा समज त्या घटनेने खोटा ठरवला. कागद अपुरे राहिले तर काय होते, याचेही उदाहरण आहे. लहानपणी मुंबईहून दत्तक म्हणून अमेरिकेत गेलेल्या एका स्त्रीला, तिच्या नागरिकत्वाची कागदपत्रे कोणी पूर्ण केली नव्हती म्हणून, प्रौढ वयात २००८ साली इथून हद्दपार करून मुंबईला पाठवण्यात आले. जी भाषा तिला येत नव्हती, जिथे तिचे कोणी नव्हते, तिथे. तेव्हा आमच्या घराची कुलपे आणि आमची बँक खाती कोणी दहा वेळा तपासली तरी आम्ही दार उघडून उभे राहू.

त्यामुळे आमचा प्रश्न चौकशीच्या लांबीचा नाही. प्रतीक्षेच्या या काळात घर चालते कसे आणि त्या घराला मुलांविषयी काय माहिती मिळते, याचा आहे.

घर चालते ते काहीसे खुंटीला टांगल्यासारखे. पत्ता बदलला, नोकरी बदलली, उत्पन्नात फरक पडला, की होम स्टडी सुधारून घ्यावी लागते. पतींना दुसऱ्या राज्यात चांगली संधी आली होती, ती सोडली. भारतात कार्यालये उघडून सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात रात्रीचा एक वाजलेला असतो, त्यामुळे फोन उशाशी ठेवून झोपणे अंगवळणी पडले आहे. आमच्या मुलीने आपल्या खोलीचे कपाट आधी अर्धे रिकामे केले, मग काही महिन्यांनी कुरकुरत पुन्हा भरले, आणि आता त्या कप्प्यावर तिने 'तात्पुरते' अशी चिठ्ठी लावली आहे. रविवारच्या मराठी शाळेला ती पूर्वी पोटदुखीची सबब सांगे. आता येणाऱ्या भावंडांना इंग्रजी येणार नाही हे कळल्यापासून ती घरी हट्टाने मराठी बोलते, चुकते, आणि आजीने चूक सुधारली की रागावते.

हेग करारातील देशांतून दत्तक घेणाऱ्या अमेरिकी पालकांना किमान दहा तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्यातून आम्हाला फार उपयोगी गोष्टी कळल्या. संस्थेत वाढलेली मुले खाऊ उशीखाली लपवतात, कारण पुढचा घास केव्हा मिळेल याची खात्री त्यांच्या अंगात मुरलेली नसते. अशा वेळी ओरडायचे नाही, तर हात पोहोचेल अशा जागी खाऊ ठेवायचा. म्हणून आमच्या स्वयंपाकघरातला सर्वांत खालचा कप्पा चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या आणि केळी यांच्यासाठी राखून ठेवला आहे. येताच मिठ्या मारणारे मूल लळा लागलेलेच असते असे नाही, आणि दूर राहणारे मूल कृतघ्न नसते, हेही तिथेच शिकलो. खरे तर हे प्रशिक्षण आजी-आजोबांना आणि मावश्या-आत्यांना अधिक गरजेचे आहे. 'एवढी मोठी मुले, त्यांना लळा लागेल का?' हा प्रश्न आम्ही समजून घेतो. 'जात कळली का?' हा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांच्या घरी आम्ही यंदा गणपतीला गेलो नाही. आणि 'थेट अमेरिका! नशीब काढले पोरांनी' हे वाक्य तर कौतुक म्हणून बोलले जाते, पण ती मुले आपली शाळा, मित्र, भाषा आणि ओळखीचे स्वयंपाकघर सोडून येणार आहेत, हे त्यात कोणी मोजत नाही.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येते. मुलांची माहिती देणारा बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल हाती आला, तेव्हा तो आधीच बराच जुना होता. त्यात मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी पाच वर्षांची आहे. फोटोत मुलाचे पुढचे दोन दात पडलेले आहेत. आता तो आठ पूर्ण करून पुढे गेला आहे आणि ते दात केव्हाच आले असतील. मुलीच्या अहवालात 'ऐकण्याची फेरतपासणी आवश्यक' असे एक वाक्य आहे. ती तपासणी झाली का, झाली असल्यास काय निघाले, हे विचारून आम्ही थकलो. कानाचा दोष असेल तर इथल्या शाळेत आधी नाव नोंदवून तज्ज्ञाची वेळ घ्यावी लागते, आणि ती वेळ मिळायलाच महिने जातात. नसेल तर उगाच मुलीवर शिक्का नको. दोन्ही बाबतींत एका तपासणीच्या कागदाने काम भागले असते.

संस्थेतील कर्मचाऱ्यांविषयी मनात राग नाही. एका ताईंनी सवड काढून, चपला घ्यायच्या आहेत म्हटल्यावर, दोघांची पावले जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या बाजूवर ठेवून पेन्सिलीने रेषा काढली आणि फोटो पाठवला. शेजारी फूटपट्टी ठेवली होती. पुढे काही महिन्यांनी पुन्हा विचारले तेव्हा त्यांनी नवा कागद पाठवला. मुलाचे पाऊल पट्टीवर अर्ध्या इंचाने पुढे सरकले होते. सरकारी अहवाल मात्र जागचा हलला नव्हता. जी गोष्ट एक काळजीवाहू ताई पेन्सिलीने करू शकते, ती यंत्रणेला का करता येऊ नये?

कागदपत्रांच्या मुदतींचेही असेच. अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने पालकांना दिलेली मंजुरी पंधरा महिने टिकते. पुढचा क्रम असा: मुलांसाठीचा अर्ज, दूतावासाचे पत्र, 'कारा'चे (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे) ना-हरकत प्रमाणपत्र, २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारा दत्तक आदेश, मग दत्तक हेग करारानुसार झाल्याचा दाखला, पारपत्र आणि शेवटी व्हिसा. यातला प्रत्येक टप्पा समर्थनीय आहे, पण एक टप्पा कुठल्याशा टेबलावर निव्वळ न उघडलेल्या ईमेलमुळे थांबला, की पलीकडच्या देशातला कागद मुदत संपून बाद होतो आणि बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात. यात मुलाचे रक्षण कसलेच होत नाही. चौकशीसाठी लागणारा वेळ आणि पडून राहण्यात गेलेला वेळ यांत फरक करता आला पाहिजे, आणि अर्जदाराला संकेतस्थळावर 'प्रलंबित' या एका शब्दाऐवजी कागद कोणाकडे व कशासाठी थांबला आहे, एवढे दिसले पाहिजे.

या सर्वांत अधिक काळजी वाटते ती मुलांच्या बाजूची. समजत्या वयाच्या मुलांची संमती दत्तकापूर्वी घेतली जाते, आणि ते योग्यच आहे. म्हणजे आमच्या या दोघांनाही कोणीतरी समोर बसवून सांगितले असणार, की तुम्हाला आई-बाबा आणि एक मोठी बहीण मिळणार आहे. त्यानंतर त्यांना काय सांगितले जाते? आम्ही पाठवलेला घरच्या फोटोंचा अल्बम त्यांच्या हाती आहे की कार्यालयाच्या कपाटात? शाळेत शेजारी बसणारा मित्र 'अजून कसा गेला नाहीस?' असे विचारत असेल, तर आठ वर्षांचा मुलगा त्याला काय उत्तर देत असेल? आम्हाला निदान संकेतस्थळ उघडून 'प्रलंबित' तरी वाचता येते.

म्हणून राज्य दत्तक संसाधन संस्थेपुढे आपल्या वृत्तपत्रामार्फत एक साधी मागणी ठेवते. पालक निश्चित झालेल्या प्रत्येक मुलाची माहिती दर तीन महिन्यांनी एका पानावर अद्ययावत व्हावी. त्यात उंची, वजन, शाळेची इयत्ता, मधल्या काळातले आजार, राहिलेल्या तपासण्यांची स्थिती आणि दत्तकाविषयी मुलाशी शेवटचे बोलणे केव्हा व काय झाले, एवढे असावे. त्यासाठी नवा कायदा नको आणि नवे पदही नको. प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष आहे, त्यातील समुपदेशकाने संस्थेत जाऊन मुलाला प्रत्यक्ष भेटावे आणि ते पान भरावे. पालकांनी पाठवलेली पत्रे व फोटो मुलाला दाखवले की नाही, याचीही नोंद त्याच पानावर असावी. आमच्या बाबतीत सुरुवात मुलीच्या कानांच्या तपासणीपासून झाली तरी चालेल.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

(मुलांची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई असल्याने नाव संपादकांपुरते कळवले आहे, कृपया छापू नये.)