बिऱ्हाड बांधणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

पुण्यातलं तुमच्या धनगरांच्या वाड्याच्या फोटोंचं प्रदर्शन आटोपलं. फोटो भिंतीवरून उतरवून, कागदात गुंडाळून घरी आणलेत, आणि आज निवांत बसून तुम्हाला लिहितेय. तुमच्या मुलाच्या मोबाइलवर हे पत्र पाठवते. नात शाळेला सुट्टी लागून वाड्यावर आली की तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. पत्र सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय, त्याला कारण आहे. प्रदर्शन बघायला आलेल्यांनी माझं तोंडभरून कौतुक केलं. "तुम्हाला हे दिसलं कसं?" असं कितीतरी जणांनी विचारलं. मला दिसलं, कारण तुम्ही दाखवलंत. हे त्या सगळ्यांना कळायला हवं.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. फोटोखालच्या पाटीवर नाव घालायला तुम्ही होकार दिला होता, तो तेवढ्यापुरताच धरते.

ज्यांनी फोटो पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. फलटणच्या बाजूला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दिवाळी झाली की तिथलं गवत संपत येतं, आणि धनगरांचे वाडे पश्चिमेला निघतात. वाडा म्हणजे एकत्र चालणारी काही बिऱ्हाडं: मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, लेकरं, सगळं मिळून. तुमचा वाडा लोणंद, शिरवळ, भोर करत, नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेनं वरंधा घाट उतरतो आणि महाडच्या अंगाला जातो. तोवर कोकणात भात कापून झालेलं असतं, खाचरं मोकळी पडलेली असतात. रात्री शेतात मेंढरं बसवायची, लेंडीचं खत शेताला मिळतं, बदल्यात शेतकरी भात देतो किंवा पैसे देतो. मिरगाच्या आधी मात्र घाट चढून परत यावंच लागतं. तिकडचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वरचा, त्यात काळ्या दख्खनी मेंढरांची खुरं सडतात.

धनगरांचा म्हणून जो फोटो सगळ्यांना ठाऊक आहे तो असा: लाल पटका, पिळदार मिशा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागे कळप आणि धूळ. फोटो देखणा असतो यात शंका नाही. कॅलेंडरवर असतो, पर्यटनाच्या जाहिरातीत असतो, स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवतो. माझ्याकडेही असाच फोटो मागितला गेला होता आणि मी तो काढतही होते. कारभारी उभे होते, ऊन तिरपं होतं. तुम्ही मागून म्हणालात, "बाय, त्यांचं झालं असंल तर हिकडं बस. बिऱ्हाड हालवायचंय."

मी बसले. तिथून पुढे जे पाहिलं त्यासाठी हे पत्र.

तुम्ही घोडीच्या पाठीवर आधी जुनं घोंगडं चौघडी करून टाकलंत. त्यावर दोन्ही बाजूंना पोती, एकात बाजरी, एकात पीठमीठ आणि भांडी. पोतं उचलून जोखलंत, एक बाजू जड वाटली तर त्यातला तवा काढून दुसऱ्या पोत्यात घातलात. मग वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, तिची गुंडाळी आणि मेखा. मग दोरी. घोडीच्या पोटाला पाय लावून तुम्ही ती अशी ओढलीत की घोडीनं मान वळवून बघितलं. शेवटी सुरगाठ, एका हिसक्यात सुटेल अशी, कारण घाटात घोडी घसरली तर ओझं तत्काळ मोकळं करता आलं पाहिजे. त्यावर कोंबड्यांचं डालगं, दोन दिवसांची कोकरं, त्यांची तोंडं तेवढी बाहेर, आणि सगळ्यात वर तुमचा नातू, लुगड्याच्या पट्ट्यानं बांधलेला. तो झोपेतच होता. शेजारी तुमच्या जाऊबाई आणि सुना आपापल्या घोड्या लादत होत्या. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. थोड्या वेळानं त्या शेतात तीन काळे दगड आणि राख एवढंच उरलं.

पुरुष मेंढरं घेऊन चरत चरत, आडवाटेनं जातात. तुम्ही घोड्या घेऊन सरळ वाटेनं पुढच्या मुक्कामाला पोचता, पाणी शोधता, चूल मांडता, वाघर ताणता. सांजच्याला कळप येतो तेव्हा घर तयार असतं. मी तुमच्याबरोबर चालले म्हणूनच मला कळलं की हा सगळा प्रवास दोन वाटांनी होतो, आणि आजवरच्या बहुतेक फोटोंनी त्यातली एकच वाट पाहिलेली आहे.

फोटोग्राफीच्या कामाचंही तुम्ही शिकवलंत, कॅमेरा हातात न धरता. काळी मेंढरं टिपणं अवघड असतं. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर समोर काळं दिसलं की अंधार समजतं आणि प्रकाश वाढवून ठेवतं, मग लोकर राखाडी, मळकट येते. म्हणून एक स्टॉप खाली घ्यायचा, म्हणजे प्रकाश निम्मा करायचा, एवढं मला येत होतं. पण उभं कुठं राहायचं ते तुम्ही सांगितलंत. "वाऱ्याच्या अंगाला नगं, वास जातो. चुलीपशी बस. चुलीपशी बसल्यालं माणूस त्येंला घरचं वाटतं." मी चुलीपाशी बसले आणि मेंढरं माझ्या गुडघ्याला घासून जायला लागली. पस्तीस मिलिमीटरच्या लेन्सनं इतक्या जवळून कळप टिपता येतो हे मला कुठल्याही वर्गात कळलं नसतं.

आणि ती कोकरं सोडायची वेळ. दिवसभर डालग्याखाली ठेवलेली कोकरं तुम्ही बायका संध्याकाळी सोडता, आणि एकदम शेकडो आवाज उठतात. आया ओरडतात, पिल्लं ओरडतात. काही कोकरं आपसूक आईला शोधतात, काहींना तुम्ही उचलून नेता. मला सगळी मेंढरं सारखीच दिसत होती. तुम्ही अंधुक उजेडात एकेक कोकरू बरोब्बर तिच्याच पोटाशी लावत होता. एक मेंढी पिल्लाला जवळ येऊ देईना. तुम्ही तिचा मागचा पाय गुडघ्यात दाबलात, एका हातानं सड पिळून कोकराच्या तोंडावर धार उडवलीत, आणि दुसऱ्या हातानं तिचं तोंड मागे वळवून तिला पिल्लाचा वास दिलात. उजेड इतका उतरला होता की शटर १/३० सेकंदावर आणावं लागलं. त्या फोटोत तुमचा हात हलल्यासारखा आलाय, मेंढीचा डोळा मात्र अगदी स्पष्ट आहे. प्रदर्शनात लोक सगळ्यात जास्त वेळ त्याच्यापुढे थांबले.

भटक्या लोकांचे फोटो आले की शहरात दोनच शब्द ऐकू येतात, "बिचारे" किंवा "काय जिद्द!" दोन्हींत दूरून बघणं आहे. तुमच्याजवळ बसल्यावर मला या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट दिसली, ती म्हणजे कसब. ओझं कसं तोलायचं, गाठ कुठली मारायची, नाकारलेलं पिल्लू आईच्या गळ्यात कसं घालायचं. माणसाचं मोठेपण मी आजवर चेहऱ्यांवर शोधत आले, आता आधी हात बघते. लोकरीला भाव राहिला नाही, कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशांतून सुटत नाही, चराईची रानं बंद होत चालली, महामार्गावरून कळप न्यायचा म्हणजे जिवावरचं काम. हे सगळं तुम्ही मला सांगितलंत, पण रडगाणं म्हणून नाही. भाकरी थापता थापता, पुढच्या मुक्कामाचा विचार करता करता सांगितलंत.

धाकट्या सूनबाई बाळाला पाजत होत्या तेव्हा तुम्ही माझ्या लेन्सपुढे हात धरलात. "ह्यो नाय." एवढंच. त्याबद्दलही आभार. कुठला फोटो काढायचा नाही हे ठरवायचा हक्क समोरच्याचा आहे, हे इतक्या सहज मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण सगळ्यात मोठं ऋण आहे ते तुमच्या एका प्रश्नाचं. मी फोटोंच्या प्रती घेऊन तुमच्या मुक्कामाला आले होते. त्यात मावळतीचा फोटो होता: घाटमाथा, केशरी आभाळ, आणि घोडीसोबत चालणारी तुमची काळी आकृती. मला तो फार आवडायचा. तुम्ही तो हातात घेतलात, उन्हाकडे धरलात, उलटा करून पाहिलात आणि विचारलंत, "ह्यात मी कुठाय?"

तेव्हापासून तो प्रश्न माझ्याबरोबर आहे. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो आठ खंडांत छापले. त्यात माणसं आहेत, पण बहुतेकांची नावं नाहीत, खाली फक्त जात किंवा जमात लिहिलेली. माणूस नमुना म्हणून उभा. आणि नाव नसणं फक्त कॅमेऱ्यापुढच्याच्याच वाट्याला येतं असंही नाही. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. सुरुवातीच्या काळात त्यांनी काढलेले फोटो त्यांचे पती माणेकशा यांच्या नावानं छापले जात. पुढे त्यांचं नाव झालं, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. पण काम बाईचं आणि नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट त्यांच्यापाशी सुरू झाली नाही आणि तिथं संपलीही नाही. वाड्याचा फोटो छापताना "मेंढपाळ आपल्या कुटुंबासह" असं लिहिलं की तुमचं सगळं काम त्या "कुटुंबासह"मध्ये जातं.

म्हणून या वेळी प्रत्येक फोटोखाली आधी नाव लिहिलं आणि मग काम. घोडी लादताना. वाघर ताणताना. पिल्लू लावताना. ज्यांनी नाव द्यायला नको म्हटलं, त्यांचा फोटो लावला नाही. मावळतीचा फोटोही लावला नाही. काही मित्रांना ते पटलं नाही, त्यांच्या मते माझा सगळ्यात चांगला फोटो तोच. असेल. प्रकाश म्हणून तो चांगलाच आहे. पण ज्या बाईला स्वतःला त्यात सापडता आलं नाही, तिच्या नावाच्या प्रदर्शनात तो टांगायला माझं मन धजेना.

तुम्ही स्वतःसाठी निवडलात तो फोटो मी आधी बाजूलाच ठेवला होता. भर दुपारचं कडक ऊन, मागे डांबरी रस्ता, तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत उभ्या आणि शेजारी घोडी. तुम्ही म्हणालात, "ह्यात घोडी नीट आलीय. म्हातारी झालीया, औंदा लय चालायची नाय." मग तो लॅमिनेट करून मागितलात आणि रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत घडी न घालता ठेवलात. प्रदर्शनात दाराजवळचा पहिला फोटो तोच होता.

चहा, भाकरी, रात्री अंगावर टाकलेलं घोंगडं, कुत्र्यांना दिलेली तंबी, घाटात माझी बॅग घोडीवर टाकण्याची तुमची दांडगाई, या सगळ्याचे आभार मानायला गेले तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून एकदाच मानते आणि पुढचं लिहिते.

जाऊबाईंचे आणि थोरल्या सूनबाईंचे फोटो द्यायचे राहिलेत. ते धुवून तयार आहेत, लॅमिनेशनही केलंय. कोकराला पाजतानाच्या फोटोची मोठी प्रत नातीसाठी वेगळी काढलीय, तिनं ती शाळेत न्यायची म्हणून मागितली होती. प्रदर्शनात विकल्या गेलेल्या प्रतींच्या पैशातला वाड्याचा वाटा कारभाऱ्यांशी बोलून ठरला तसा काढून ठेवलाय, पण तो मी तुमच्या हातात देणार आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. दिवाळीनंतर वाडा कुठल्या दिवशी हलणार आणि शिरवळला नदीकाठी मुक्काम पडणार का, ते मुलाला मला कळवायला सांगा. मी तिथं येऊन गाठते. आणि घोडी कशी आहे तेही कळवा.

तुमची,
फोटोवाली बाय