नियम दोघांनाही सारखाच हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रावेर-सावदा पट्ट्यातील केळी व्यापाऱ्यांचे हिशेब मी पाहतो. ऐन मार्चअखेरीस टॅलीत नोंदी चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट उमटते, 'आपला संगणक असुरक्षित आहे, त्वरित नूतनीकरण करा', आणि गादीवरचा मुनीम घाबरून संगणकवाल्याला फोन लावतो. वस्तुतः लॅपटॉपसोबत चकटफू आलेल्या अँटिव्हायरसची मुदत तेवढी संपलेली असते. तो काढून टाकला, की विंडोजमधला डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अंगभूत अँटिव्हायरस आपोआप कामाला लागतो. हे सांगण्यात विकणाऱ्याचा काहीच फायदा नाही, तेव्हा ते सांगितलेही जात नाही.

म्हणून स्वतंत्र अँटिव्हायरस कंपन्यांची गरज सरली, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१२ साली विंडोज ८ सोबत डिफेंडर पूर्ण अँटिव्हायरस म्हणून घरोघरी पोहोचला, तेव्हापासून मायक्रोसॉफ्ट हीच मैदानाची मालक आणि खेळाडूही आहे. विंडोज १० मध्ये आपले उत्पादन परस्पर बाजूला सारले जाते, अशी तक्रार कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरस कंपनीने रशिया व युरोपातील स्पर्धा नियामकांकडे केली होती. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये काही बदल मान्य केल्यावरच ती मागे घेण्यात आली. तक्रार करणारे कुणी उरलेच नसते, तर ते बदल झाले असते का?

आता प्रश्न आणखी खोलवर गेला आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले, कारण असे सुरक्षा कार्यक्रम विंडोज प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, शिरून काम करतात आणि तिथली चूक सगळा संगणकच पाडते. त्यानंतर सुरक्षा उत्पादनांना कर्नलबाहेर राहून काम करता यावे, यासाठी मायक्रोसॉफ्टने पावले उचलली. हेतू रास्तच आहे. परंतु इतरांना उंबऱ्याबाहेर बसवायचे आणि डिफेंडरने मात्र माजघरात वावरायचे, असे झाले तर पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांनी स्पर्धा करायची कशी?

भारतीय स्पर्धा आयोगाने कुणाच्या तक्रारीची वाट न पाहता या बदलांकडे लक्ष द्यावे आणि जो प्रवेश स्पर्धकांना नाही तो डिफेंडरलाही नसावा, असा आग्रह धरावा. तसेच मुदत संपल्याच्या सूचनेत अंगभूत संरक्षण उपलब्ध असल्याचा उल्लेख मराठीतून करणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे.

आपला,
एक हिशेबनीस, रावेर (जि. जळगाव)