चहाचा ग्लास ठेवायचा कुठं?

सोलापूर, जून

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, 'त्या पोरांचं काय झालं बे पुढं?' आणि तेवढ्यात रेंज गेली. बरंच झालं. ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतंच. मी सांगतोय आणि पुतणी टाइप करतेय. शिव्या ती गाळणार आहे, त्या तुझ्या तू भरून घे.

पोरं म्हणजे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची, तीन पोरं आणि एक पोरगी. फिजिओथेरपीच्या बाईंनी प्रोजेक्टसाठी माझ्याकडं पाठवलेली. आली तीच लॅपटॉप उघडत. माझी ही बॅटरीवरची व्हीलचेअर आवाजावर चालणारी करणार होती. 'काका, तुम्ही नुसतं "पुढे" म्हणायचं.' म्हटलं, संध्याकाळी नवी पेठेत या आणि मला 'थांब' म्हणायला लावा. खुर्चीला माझं ऐकू जातंय की मागच्या रिक्षाचा हॉर्न, बघू. आणि माझा हात अजून चालतोय की! ज्याचा हात हलतच नाही त्याच्यासाठी हनुवटीनं, डोक्यानं, अगदी नळीत फुंकून चालवायच्या खुर्च्या आहेत जगात, आणि त्याला त्या हव्यातच. मला चहाचा ग्लास ठेवायला जागा हवी होती.

पोरांची तोंडं उतरली. ग्लासाला मार्क कोण देणार?

त्यातल्या एकानं मोबाइलवर निओबोल्ट दाखवलं. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या कंपनीनं २०२१ साली आणलं ते. त्यांच्याच हातानं ढकलायच्या व्हीलचेअरला पुढं जोडायचं मोटरचं यंत्र, ताशी २५ किलोमीटरपर्यंत पळतं. झकास काम आहे, बघूनच कळतं की करणाऱ्यानं वापरणाऱ्याचं ऐकलंय. पण त्याला हँडल धरायला दंडात जोर लागतो, तो माझ्याकडं नाही. ज्याची त्याची खुर्ची वेगळी, हे आधी डोक्यात शिरायला हवं. म्हणून अट घातली, लॅपटॉप घरी ठेवायचा आणि एक अख्खा दिवस माझ्यामागं फिरायचं.

फिरली बिचारी. बँकेत गेलो, पार्क चौकात गेलो. बँकेच्या रॅम्पवर पोरगी माझ्या मागं होती, तिनं बघितलं की पाठीला लटकवलेल्या पिशवीच्या वजनानं खुर्चीचं नाक उचलतंय. मागची छोटी चाकं टेकली म्हणून निभावलं. तिनं तिथंच वहीत लिहिलं, 'पिशवी मागे नको.' मग बाजूला लावून बघितली, तर न्हाणीच्या दारातून खुर्ची जाईना. शेवटी पिशवी गेली सीटच्या पुढच्या काठाखाली, पोटऱ्यांच्या मधे. हात सोडला की चेन हाताला लागते. कापड कुठलं, तर चादरीचं. पोरगी मागवाल्यांच्या घरातली, चुलत्याच्या कारखान्यातला कटपीस घेऊन आली. आता माझ्या खुर्चीला मोराची नक्षी आहे.

पिशवीचे लोंबते बंद मात्र मी कापायला लावले. जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची चालवायची दांडी, सोडली की खुर्ची थांबते, मोटरचा ब्रेक आपोआप लागतो, सगळी सुरक्षितता त्या एका गोष्टीवर आहे. एखादा बंद त्या दांडीत अडकला तर खुर्ची चालतच राहील आणि मी नुसता बघत बसेन. मागाजवळ मोकळं उपरणं घेऊन जाणाऱ्याला आपण काय म्हणायचो, आठवतंय ना?

फोन चार्जिंगची गंमत ऐक, तुला आवडेल. खुर्चीत बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट. एका पोरानं सरळ एका बॅटरीवरून बारा व्होल्ट काढले आणि गाडीतला चार्जर जोडला. चालला की! पोरगं खूश. म्हटलं, बाळा, ही एक बॅटरी रोज जास्त उतरणार, दुसरी कमी. रात्री चार्जर दोन्हींना एकच समजून भरणार. म्हणजे एक कायम उपाशी, दुसरी कायम तट्ट फुगलेली, आणि थोड्याच दिवसांत दोन्ही भंगारात. बॅटऱ्यांच्या जोडीची किंमत सांगितल्यावर त्यानं वायर स्वतःच उपटली. मग दोन्हींवरून २४ व्होल्ट घेऊन ते पाचवर आणणारा कन्व्हर्टर बसवला, आणि फ्यूज अगदी बॅटरीच्या तोंडाशी. वायर कुठंही घासून शॉर्ट झाली तरी पेटायला नको.

सगळ्यात जास्त वेळ मात्र खाल्ला जॉयस्टिकच्या मुठीनं. कंपनीची मूठ लहान, माझी बोटं आता वळत नाहीत. पोरांनी इंग्रजी यू अक्षरासारखी मूठ काढली, तळवा नुसता त्यात ठेवायचा आणि मनगटानं ढकलायचं. थ्रीडी प्रिंटरवर छापून आणली, काय सुंदर बसली! मग आला आपला एप्रिल. खुर्ची दुपारभर अंगणात राहिली आणि मूठ मान टाकून बसली. ते पीएलए नावाचं प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं, आणि सोलापूरच्या उन्हात काळी वस्तू तेवढी तापते. मी म्हटलं, लोखंडाची करू. तर पोरगी म्हणाली, 'नको काका, जड मूठ खड्ड्यात स्वतःच हलेल आणि खुर्ची तुम्हाला न विचारता पळेल.' बरोबर होतं तिचं. मनातल्या मनात पाठ थोपटली. शेवटी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आपल्या ओळखीच्या लेथवाल्याकडं नायलॉनचा रॉड लावला. आपण बुश करायचो तोच माल. मूठ झाली हलकी आणि उन्हाला दाद न देणारी.

ग्लासाचं काय? बाजारात मिळतात ते कपहोल्डर बाटलीच्या मापाचे, आपला कटिंगचा ग्लास त्यात बुडून जातो. पोरांनी लोखंडी पट्टीची कडी केली, आत सायकलची ट्यूब गुंडाळली, झालं. क्लॅम्पवर बसते. फ्रेमला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग तर खुर्चीच्या जवळपासही नाही, हे मी पहिल्या दिवशीच बजावलं होतं. फ्रेमची नळी कमजोर होते, वेल्डिंगच्या करंटनं कंट्रोलर उडायची भीती वेगळीच. चढावर चहा अजून सांडतो. सांडू दे.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी सगळं हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, 'यात सेन्सर कुठाय?' मार्क जेमतेम. पोरगी फोनवर रडवेली झाली होती. तिला म्हटलं, सेन्सर मी आहे. हसली जरा.

मला खरी काळजी वेगळीच. ही पोरं आता पुण्याला, हैदराबादला जाणार. कडी तुटली तर? प्रोजेक्टचा जाडजूड रिपोर्ट कपाटात जातो, त्याचा लेथवाल्याला उपयोग शून्य. म्हणून जाण्याआधी प्रत्येक वस्तूचं एकेक कागदावर ड्रॉइंग काढून घेतलंय. नळीचा व्यास, बोल्टचं माप, माल कुठला, सगळं मराठीत. एक सेट फिजिओथेरपीच्या बाईंकडं ठेवलाय, त्यांच्याकडं येणाऱ्या एका मुलाला मूठ करून दिलीसुद्धा. त्याला डाव्या हाताची लागली, तर ड्रॉइंग उलटं धरून केली लेथवाल्यानं.

जुलैत नवीन पोरं येणार आहेत. त्यांना दोन कामं काढून ठेवलीत. पावसात जॉयस्टिकवर घालायचं झाकण, ज्यातून हात आत जाईल पण पाणी जाणार नाही. आणि आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या, गड्ड्याच्या गर्दीसाठी काहीतरी. अक्षता सोहळ्याला जायचंय मला जानेवारीत, पण वर नंदीध्वजांच्या उंच काठ्यांकडं बघत चालणाऱ्या माणसाला खाली खुर्ची दिसत नाही, अंगावरच येतो. खुर्चीचा हॉर्न म्हणजे नुसतं पीं. पाठीमागं उंच काठी आणि वर दिवा, एवढंच सुचलंय मला. काठी डुलता कामा नये आणि दारातून जाताना खाली पडायला हवी. तू इतकी वर्षं स्प्रिंगांत काढलीस, तर तेवढी एक स्प्रिंग सुचव. आणि इचलकरंजीत नायलॉन रॉडचे तुकडे स्वस्त मिळतात म्हणे. पस्तीस-चाळीस मिलीमीटरचे दिसले तर घेऊन ठेव, पैसे पाठवतो.

येशील तेव्हा घरीच उतर. शेंगाचटणी वहिनींसाठी वेगळी बांधून ठेवलीय, तू रस्त्यात फोडू नकोस.

तुझा,
दत्त्या