बऱ्हाणपूर संगणकावर का सापडत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानदेशातील ग्रंथालये आणि हौशी संग्राहक अहिराणी ओव्या, म्हणी, जुनी कागदपत्रे टंकित करून संगणकावर ठेवू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्या मजकुरामागचे संकेतांक, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षरासाठी साठवतो ते क्रमांक, कोणते, याची चौकशी सहसा होत नाही, म्हणून कोरियन लिपीचा अनुभव वाचकांपुढे ठेवतो.

राजा सेजोंग यांच्या पुढाकाराने १४४३ मध्ये तयार झालेल्या आणि १४४६ मध्ये जाहीर झालेल्या हंगुल लिपीत आरंभीचे व्यंजन, स्वर आणि असल्यास शेवटचे व्यंजन एका चौकटीत मांडून एक अक्षर होते. आजच्या भाषेत आरंभीची १९ व्यंजने, २१ स्वर आणि शेवटची २७ व्यंजने आहेत. शेवटी व्यंजन नसण्याची शक्यता धरली की एकूण ११,१७२ अक्षरे संभवतात. दक्षिण कोरियाच्या १९८७ च्या राष्ट्रीय मानकात यांपैकी नेहमीच्या वापरातली केवळ २,३५० घेतली गेली, आणि क्वचित लागणारी अक्षरे त्या मानकानुसार सरळ टंकित करता येईनात. बोलीभाषा जपू पाहणाऱ्या कोणालाही ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीत सर्व ११,१७२ अक्षरे ४४,०३२ या क्रमांकापासून ओळीने बसवण्यात आली. क्रम शून्यापासून मोजला तर ‘हान’ या अक्षरात ‘ह’चा क्रम १८, ‘आ’चा ० आणि शेवटच्या ‘न’चा ४, १८ ला २१ ने गुणून त्यात स्वराचा क्रम मिळवायचा, त्याला २८ ने गुणून शेवटच्या व्यंजनाचा ४ मिळवायचा, की १०,५८८ येतात, आणि ते ४४,०३२ मध्ये मिळवले की ५४,६२० हा त्या अक्षराचा क्रमांक मिळतो. या फेररचनेसाठी आधी दिलेले क्रमांक मोडावे लागले. त्या आवृत्तीपासून मात्र एकदा दिलेला क्रमांक हलवायचा नाही, असे धोरण आहे. हेच अक्षर तीन सुट्या घटकांनीही लिहिता येते, पण ही दोन्ही रूपे समान असल्याचे मानकातच नमूद असल्याने संगणकाला ती नियमाने एकरूप करता येतात.

आपल्याकडे ही सोय सर्वत्र नाही. खानदेशच्या फारुकी राजवटीची राजधानी असलेले ‘बऱ्हाणपूर’ दोन प्रकारे लिहिले जाते: एकात ‘ऱ’ला हलन्त जोडतात, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण मानकाने त्यांना समान ठरवलेले नाही, त्यामुळे एका रूपाने शोध घेतला तर दुसऱ्या रूपातली नोंद निसटू शकते. बऱ्हाटे आडनावाच्या माणसाचीही हीच गत. ‘ॲ’ला २००८ मध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला, तरी ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला जुना मजकूर आजही फिरतो आहे. याहून बिकट अवस्था जुन्या फॉन्टमधल्या फाइलींची आहे, कारण त्यांत देवनागरी अक्षरांचे संकेत नसतातच; फॉन्ट काढला की उरतात ती निरर्थक रोमन अक्षरे. आमच्या तालुक्यातील एका ग्रंथालयाची संपूर्ण ग्रंथसूची अशीच अडकून पडली आहे, आणि एखादे पुस्तक मागायला आलेल्या वाचकाला ‘सापडत नाही’ हे उत्तर द्यावे लागते, याचे मनापासून वाईट वाटते.

म्हणून माझी विनंती अशी की, जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील ग्रंथालयांनी आणि संशोधन संस्थांनी पुढील टंकलेखनाआधी एकत्र बसून अशा प्रत्येक अक्षराचे एकच रूप ठरवावे, ‘ऱ’साठी पहिले रूप स्वीकारावे, आणि जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणताना मूळ फाइल जपून रूपांतरित मजकूर अहिराणी जाणणाऱ्याकडून ओळ न् ओळ तपासून घ्यावा.

आपला,
एक ग्रंथालय कर्मचारी, अमळनेर (जि. जळगाव)