“मंग त्या वहिनीचं काय झालं?”

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या सासूबाई ८७ वर्षांच्या आहेत. काचबिंदूने त्यांची नजर गेली, तेव्हापासून आपल्या रविवार पुरवणीतली कथा मी त्यांना वाचून दाखवते. नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजावर आवाज चढवून वाचावं लागतं. कथा संपली की त्या काहीतरी विचारतात, आणि त्यांच्या त्या विचारण्यामुळेच हे पत्र लिहिते आहे.

मध्यंतरी एक कथा वाचली. आई गेल्याचं कळून मुलगा पुण्याहून विमानाने नागपूरला येतो. वर्धा रोडवरचा मेट्रोचा दुमजली पूल, टॅक्सीची बंद काच, लहानपणी आईने धरलेला हात, सगळं मन लावून लिहिलेलं होतं. तो घरी पोचतो. ‘वहिनीने दार उघडले.’ कथा तिथेच संपली. सासूबाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मंग त्या वहिनीचं काय झालं? बुढीचं सारं तर तिनंच केलं असन नं?”

खरंच, कथा त्या दारातच तर उभी होती! एकीने सासूचं अंथरूण-पांघरूण केलं, दुसरा दोन तासांत उडत आला. आता ती “या भाऊजी” म्हणेल, की दार उघडं टाकून काही न बोलता आत वळेल? तो आधी तिच्याकडे बघेल की आईकडे? मुलाच्या मनातले दीड पान विचार मला आज आठवत नाहीत. त्या न लिहिलेल्या वहिनीचा मात्र आठवडाभर विचार करत होते.

त्यानंतर मी महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ काढलं. १९८५चं नाटक. त्यातल्या थोरल्या सुनेला ‘वहिनी’ हेच नाव आहे, दुसरं नाहीच. वडील गेलेत, तेराव्याच्या खर्चावरून थोरला भास्कर आणि मुंबईहून आलेला त्याचा भाऊ सुधीर यांच्यात धुसफूस चालली आहे, शिकायचं राहून गेलेली त्यांची बहीण प्रभा घरातच कुढते आहे. आणि एका रात्री भास्कर दागिन्यांची पेटी उघडतो, वहिनीला एकेक दागिना घालायला लावतो. फार काही घडत नाही त्या प्रवेशात. पण आयुष्यभर चुलीपाशी राबलेली बाई घटकाभर त्या वाड्याची मालकीण होते, आणि नवरा तिच्याकडे नव्याने बघतो.

तो प्रवेश वाचताना सासूबाईंचा हात स्वतःच्या मनगटाकडे गेला. त्यांच्या पाटल्या माझ्या नणंदेच्या लग्नात मोडल्या होत्या. या घरात येऊन मला ३१ वर्षं झाली. हे मला त्या दुपारी कळलं.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) ही कादंबरी आम्ही गेल्या हिवाळ्यात वाचली. २०२३ला वर्ध्याच्या साहित्य संमेलनात घेतलेली प्रत होती. कष्टाने झिजणारी कौतिक आणि कामातून अंग काढून घेणारा महादेव. सासूबाई महादेवावर रोज चिडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी जेवण झालं की पुन्हा “वाच” म्हणायच्या. कौतिक एकटीच असती तर कष्टाळू बाईची एक करुण कहाणी झाली असती. तो नवरा तिच्या गळ्यात आहे आणि ती त्याला सोडत नाही, म्हणून तर आम्हाला पान उलटायची घाई व्हायची.

एकट्या माणसावर लिहू नये, असं माझं म्हणणं नाही. नेमाड्यांच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर किती एकटा आहे! तरी त्या कादंबरीतलं मला पक्कं लक्षात काय राहिलं, तर धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं.

आपल्याकडे येणाऱ्या कथांत आता ‘तो’ आणि ‘ती’ एवढेच उरलेत. जाऊ नाही, दीर नाही, मावशी नाही, भाडेकरू नाही. मराठीत तर हाक मारण्यातच निम्मी कथा असते. कालपर्यंत “अगं” म्हणणारी मैत्रीण एक दिवस “अहो” म्हणाली, तर काय बिनसलं ते वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. धाकट्या भावाने दादाला चारचौघांत नावाने हाक मारली, की पुढचं वाटणीचं भांडण सुरू झालंच. असं फुकट मिळालेलं सामान आमची तरुण लेखकमंडळी का वापरत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांची भाषा चांगली आहे, निरीक्षण चांगलं आहे. एका खोलीत दोन माणसं बसवून, त्यातल्या एकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवं आहे आणि ते मागता येत नाही, एवढं केलं तरी कथा चालू लागेल.

आपणांस एक विनंती. कथा निवडताना त्यातलं दुसरं माणूस जिवंत आहे का, एवढं बघावं. आणि त्या पुण्याच्या मुलाची कथा लिहिणाऱ्या लेखकाला माझा निरोप द्यावा: दार उघडल्यानंतरचं लिहा. पुरवणी आली की सासूबाई अजून विचारतात, “ते वहिनीवाली आली का व?”

आपली नियमित वाचक,
महाल, नागपूर