ओटीपीपेक्षा आरटीजीएसच्या स्लिपकडे लक्ष द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून फोनवरच ‘अटक’ करून लुबाडल्याची, बातमी छापून आली की तिच्याखाली एक चौकट हमखास असते. ओटीपी सांगू नका, पिन सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. सल्ला बरोबर आहे. पण निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी ज्या फसवणुकीत जाते, तिच्यात ओटीपी बहुतेक वेळा कुणी मागतच नाही. पैसे खातेदार स्वतःच पाठवतो. ठेवीच्या पावत्या पिशवीत घालून तो शाखेत येतो, मुदत संपायला आठ महिने असलेली ठेव मोडतो, व्याजावर पाणी सोडतो आणि आरटीजीएसची, म्हणजे मोठी रक्कम थेट दुसऱ्या खात्यात पाठवण्याची, स्लिप स्वतःच्या हाताने भरतो. सही जुळते, केवायसी पूर्ण असते, खात्यात शिल्लक असते. बँकेच्या संगणकाला यात काहीच वावगं दिसत नाही. दिसलंच तर ते समोर बसलेल्या माणसाला दिसू शकतं, आणि माझं सगळं म्हणणं त्याच एका काउंटरबद्दल आहे.

हे भामटे जिंकतात ते दोन गोष्टींवर. एक, फोन कट होऊ द्यायचा नाही. दुसरी, घरात कुणाला कळू द्यायचं नाही. सुरुवात ‘तुमच्या आधारवर दुसरं सिम निघालंय’ किंवा ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत’ अशी होते. मग कॉल ‘वरिष्ठां’कडे जातो, व्हिडिओवर गणवेश दिसतो, मागे बोधचिन्ह असतं, न्यायालयाच्या शिक्क्याचा कागद व्हॉट्सॲपवर येतो. मुलाला सांगितलंत तर तोही आरोपी होईल, असा दम भरला जातो. रात्री झोपतानाही कॅमेरा चालू ठेवायला लावतात. दोन दिवस नीट झोप नाही, कुणाशी बोलणं नाही. अशा अवस्थेतल्या माणसाला ‘पडताळणीसाठी रक्कम जमा करा, तीन दिवसांत परत मिळेल’ हे वाक्य सुटकेसारखं वाटतं. यात त्याच्या शिक्षणाचा किंवा हुशारीचा काही संबंध नाही. म्हणून ‘इतके शिकलेले असून कसे फसले’ हा प्रश्न आपण आता सोडून द्यावा.

कायद्यातल्या दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून घरातल्या फोनजवळ चिकटवाव्यात. अटक कशी करायची हे ठरवणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्यात फोनवरून किंवा व्हिडिओवरून अटक करण्याची तरतूदच नाही. आणि चौकशीला हजर राहण्याची कलम ३५ खालची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती बजावली असं धरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे.

आता काउंटर. एरवी फक्त पेन्शन काढायला येणारे ग्राहक अचानक मोठी ठेव मोडतात, एकापेक्षा जास्त ठेवी एकाच दिवशी मोडतात, घाई करतात, कारण विचारलं की ‘घर घेतोय’ किंवा ‘उपचारासाठी’ असं तुटक उत्तर देतात. पैसे मात्र दूरच्या कुठल्या तरी गावातल्या ट्रेडर्स किंवा एंटरप्रायझेसच्या चालू खात्यात चाललेले असतात. घर घेणारा माणूस बिल्डरचं नाव सांगतो. उपचाराचे पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात. स्लिपवरचं नाव आणि सांगितलेलं कारण जुळत नसेल, तर तिथे थांबायला हवं.

पूर्वी आरटीजीएस आणि एनईएफटी (बँकेतून पैसे पाठवण्याची दुसरी पद्धत) यांचे पैसे फक्त खाते क्रमांकावर जायचे, लाभार्थ्याचं नाव कुणी ताडून पाहत नसे. एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी त्या खात्याचं खरं नाव दाखवण्याची सोय बँकांनी द्यायची आहे, शाखेत येणाऱ्या ग्राहकालासुद्धा. स्क्रीन ग्राहकाकडे वळवून ‘काका, हे खातं या नावाचं आहे, तुम्ही यांना ओळखता का?’ एवढंच विचारायचं. ‘रिझर्व्ह बँकेच्या खात्यात भरतोय’ असं मनात धरून आलेल्या माणसाला तिथे कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचं नाव दिसतं, तेव्हा जी चलबिचल होते तीच त्याला वाचवते.

आणखी एक बारकावा. अशा ग्राहकाच्या खिशात फोन चालू असतो आणि पलीकडचा माणूस सगळं ऐकत असतो. त्यामुळे तोंडी समजावण्याचा उपयोग होत नाही; ग्राहक पढवलेलंच बोलतो. त्याला केबिनमध्ये बसवून पाणी द्यावं आणि कोऱ्या कागदावर लिहून पुढे सरकवावं : ‘फोन चालू आहे का? कुणी धमकी दिली आहे का? फक्त मान हलवा.’ नागरी सहकारी बँकांमध्ये कर्मचारी ग्राहकाला नावाने ओळखतात, त्याच्या मुलाचा नंबर त्यांच्याकडे असतो. ही ओळख इथे फार मोलाची आहे.

‘ग्राहकाचा पैसा, आम्ही अडवणारे कोण?’ असं शाखेत म्हटलं जातं. अडवा असं कुणीच म्हणत नाही, अर्धा तास उशीर करा एवढंच म्हणणं आहे. आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे, चोवीस तास चालतं. पैसे एकदा समोरच्या खात्यात जमा झाले की बँकेला ते परत ओढून घेता येत नाहीत. म्हणून माझी मागणी अशी की, प्रत्येक बँकेने ज्येष्ठ खातेदाराला एक ऐच्छिक फॉर्म द्यावा. ठरावीक रकमेवरची ठेव मुदतीआधी मोडायची झाली तर त्याने आधीच लेखी दिलेल्या विश्वासू माणसाला फोन जावा, आणि तो लागेपर्यंत व्यवहार थांबावा. शांत डोक्याने केलेली ही सही घाबरलेल्या डोक्याच्या सहीवर भारी पडायला हवी.

तो फॉर्म येईपर्यंत घरच्या घरी बरंच करता येतं. ठेव दोघांच्या नावे असेल तर ती मुदतीआधी मोडताना दोघांच्याही सह्या लागतात, अगदी ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ असं लिहिलेलं असलं तरी. एकट्याच्या नावावरच्या ठेवीला हा आधार नसतो. ॲपमधून ठेव मोडण्याची सोय बंद करता येते का, हे शाखेत विचारून घ्या. ऑनलाइन व्यवहाराची दैनंदिन मर्यादा गरजेपुरती खाली आणा. यूपीआय पेन्शनच्या खात्याला जोडू नका. पाच-दहा हजार शिल्लक ठेवायचं वेगळं खातं त्यासाठी ठेवा. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये अनोळखी कॉल मूक करण्याची सोय आहे, ती आजच चालू करा. ई-चलन, वीजबिल किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नसून ॲप आहे. ते बसलं आणि एसएमएसची परवानगी मिळाली की ओटीपी न सांगताच बाहेर जातो.

पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला. मुलाला, वकिलाला, पोलीस ठाण्यात नंतर. पैसे एका खात्यात थांबत नाहीत. काही मिनिटांत त्यांचे तुकडे होऊन भाड्याने घेतलेल्या दहा-वीस खात्यांत जातात आणि तिथून एटीएमने किंवा आभासी चलनात बाहेर पडतात. ते जिथे असतील तिथे गोठवायचे, तर तासाभरातली तक्रार आणि दुसऱ्या दिवशीची तक्रार यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फोन करताना रक्कम, वेळ, आपली बँक आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा : यूपीआयचा १२ अंकी, एनईएफटीचा १६ आणि आरटीजीएसचा २२ अक्षर-अंकांचा असतो. त्याच दिवशी आपल्या बँकेतही लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. खातेदाराची चूक नसताना, तिसऱ्याच कुणी परस्पर पैसे काढले असतील, तर तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. स्वतः पाठवलेल्या पैशाला मात्र हे संरक्षण मिळत नाही, आणि म्हणूनच काउंटरवरची ती तीस मिनिटं इतकी महत्त्वाची आहेत. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. गोठवलेली रक्कम परत मिळवायला बहुधा न्यायालयाचा आदेश लागतो. या मधल्या काळात ‘तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा’ असे फोन येतात. ती दुसरी फसवणूक असते.

घरच्यांना एकच विनंती. आई किंवा वडील हे सांगायला येतील तेव्हा आधी १९३० लावा. रागवायचं असेल तर ते नंतर. ओरडा बसेल या भीतीने कित्येक माणसं रात्रभर गप्प राहतात, आणि पैसे त्याच रात्रीत निघून जातात.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली